शिवणकामाचे नमुने

शेवट वाईट असलेली गोष्ट बाई बांधत नसत. कितीही चांगली लिहिलेली असो, हातात कागद घ्यायच्या आधी त्या विचारत, "शेवटी दोघी एकत्र राहतात ना?" उत्तर 'नाही' आलं की विषय संपला. "दुःख काय, सुटं मिळतं. त्याला पुठ्ठा कशाला घालायचा?"

बाई आमच्या विक्रोळीच्या शाळेत कार्यानुभव शिकवायच्या. शाळेतल्या सगळ्याच शिक्षिकांना मुलं बाई म्हणत, पण आडनावाशिवाय नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. मी त्याच शाळेच्या ऑफिसात आहे. दाखले, हजेरीपट, साहित्याची नोंद ही माझी कामं. मला याद्या करायची सवय आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. बाईंना ती पहिल्या दिवसापासून दिसली होती. "तुझ्या यादीत मी कुठे आहे गो?" असं त्या मला विचारत. त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही तो 'गो' गेला नव्हता.

त्या निवृत्त व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. एकदा शाळा सुटल्यावर त्या स्वतःचा कोरा कागद आणि एक पेनड्राइव्ह घेऊन ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "हे छापून दे. दोन्ही बाजूंनी. कागद माझा आहे, शाई किती गेली ते सांग, तीही भरून देते."

मी पडद्यावर पाहिलं. पावणेतीनशे पानं होती.

"कसलं आहे?"

"गोष्ट."

"शाळेच्या प्रिंटरवर छापायचं तर मला माहीत असायला हवं, बाई."

"दोन बायांची आहे. एकमेकींवर प्रेम बसतं. अजून काय सांगू? शेवट चांगला आहे."

मी मुख्याध्यापकांची परवानगी मागितली नाही, कारण अर्जात विषय काय लिहायचा ते मला सुचेना. दुसऱ्या दिवशी माझ्या घराजवळच्या, मुलुंडच्या झेरॉक्सवाल्याकडून ते छापून आणून दिलं. आमची ओळख तिथून सुरू झाली.

ही गोष्ट आली कुठून, ते मला त्यांनीच समजावलं. मोबाइलवर बघायची एक मालिका होती, गावातल्या दवाखान्यातल्या दोन नर्सची. आठ भाग दोघींना एकमेकींशिवाय करमत नव्हतं, आणि नवव्या भागात एकीचं लग्न लावून तिला दुबईला पाठवून दिलं. बघणाऱ्यांचा संताप झाला. त्यांनी इंटरनेटवर एक गट काढला आणि तो शेवट आपापल्या परीने पुन्हा लिहायला घेतला. मग नुसत्या शेवटावर कुणाचं भागेना. एकीने त्या दोघींना पेशवाईत नेलं, एकीने अंतराळात. बाई या गटाला 'मंडळ' म्हणत, जसं हळदीकुंकवाचं किंवा भजनाचं. मंडळात सगळे टोपणनावाने लिहीत. बाईंचं नाव होतं पुठ्ठेवाली. त्या स्वतः काही लिहीत नसत. त्या वाचत, आणि आवडलेली गोष्ट छापून तिचं पुस्तक बांधत. नेहमी दोन प्रती, एक लिहिणारीला, एक स्वतःला. विकायचं नाही, तिसरी काढायची नाही.

वाचलेल्या प्रत्येक प्रकरणाखाली त्या अभिप्राय टाकत. तीस वर्षं वह्या तपासल्याचा परिणाम त्यात दिसे. 'प्रकरण सातवे. छान. दोघींचे भांडण खरे वाटते. परंतु ओट्यावर दूध ठेवले आहे ते कोणीच उतरवलेले नाही, ते उतरवून घ्यावे.' लिहिणाऱ्या मुली खरोखर परत जाऊन दूध उतरवत.

त्यांची हत्यारं साधी होती. दाभण, मेणबत्तीवरून ओढलेला दोरा, मोरचूद घातलेली मैद्याची खळ. घडी दाबायला जुन्या टूथब्रशची घासून गुळगुळीत केलेली दांडी. बांधलेल्या पुस्तकावर दोन फळ्या, त्यावर पाटा, त्यावर वरवंटा. त्या पाट्यावर वीस वर्षांत चटणी वाटली गेली नव्हती. मुखपृष्ठाला कापड लागे, आणि ते लिहिणारीच्या घरातलंच हवं असा त्यांचा हट्ट होता. जुन्या चादरीचं, पडद्याचं, कशाचंही. "बाजारातलं कापड कुणाचंच नसतं," त्या म्हणत.

स्टाफरूममध्ये त्या उघड वाचत. मोबाइलला त्यांनी स्वतः शिवलेलं खणाचं कव्हर होतं, ते डोळ्यांजवळ धरून ओठ हलवत वाचायच्या. विज्ञानाचे सर एकदा मागून डोकावले.

"काय बाई, ह्या वयात प्रेमप्रकरणं? आणि तीही अशी?"

"अशी म्हणजे कशी, सर?"

"म्हणजे... बायका-बायकांची."

"मग सांगा ना सरळ. मला वाटलं शुद्धलेखन चुकलंय."

सर चहा प्यायला निघून गेले.

मलाही तोच प्रश्न होता, पण मी तो नीट विचारला. त्या दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "आमचे हे चांगले होते. कारखान्यात फाउंड्रीत होते. कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. पण आमचं ठरलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आणि मग आम्हीपण एकमेकांना कधी काही विचारलं नाही गो. तीस वर्षं. ह्या मुलींच्या गोष्टींत बघ, दहा-दहा पानं एक दुसरीला विचारते, तुला चालेल का, तुला भीती नाही ना वाटत, परत जायचंय का. मला ती दहा पानं आवडतात. बाकीचं काय, ज्याचं त्याचं."

मंडळाची एक भेट पवईच्या तलावाकाठी ठरली होती. बाईंची पिशवी जड होती म्हणून मी सोबत गेले. बारा-पंधरा जण होते, सगळे पंचविशीच्या आतबाहेर. आम्ही जवळ जाताच सगळे गप्प झाले. एक मुलगी चक्क झाडामागे गेली. "ए यार, कुणाची आई आली बघ ना," असं कुजबुजलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. बाई तिथेच थांबल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मी कुणाची आई नाही. मी पुठ्ठेवाली."

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग जो आरडाओरडा झाला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. झाडामागची मुलगी बाहेर आली आणि बाईंच्या गळ्यात पडली. कंपनीचं ओळखपत्र अजून तिच्या गळ्यात होतं. शेजारच्याच एका ऑफिसातून ती आली होती. मंडळात ती 'खारफुटी' या नावाने लिहायची. जोगेश्वरीला घर, वडील कडक, आई त्यांच्या पुढे न बोलणारी. तिची चौतीस प्रकरणांची गोष्ट तेव्हा शेवटाला आली होती आणि बाई दर आठवड्याला वाट बघत होत्या.

"शेवटी काय करतेस?" बाईंनी विचारलं.

"मावशी, तुम्हीच सांगा ना. माझ्या डोक्यात दोन शेवट आहेत."

"मी कशाला सांगू? तुला काय हवंय?"

ती ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. निघताना तिने पिशवीतून घडी घातलेला निळा कुर्ता काढून बाईंना दिला. कॉलेजात शेवटच्या वर्षाला घेतलेला, म्हणाली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की हिच्यासाठी ही नुसती नर्सची गोष्ट नाही. बाईंना कळलं होतं. दुसऱ्याचं गुपित बाई बोलून दाखवत नसत, हा त्यांचा गुण होता. पुढे तो आम्हाला सगळ्यांना महागात पडला.

दोन महिन्यांनी पुस्तक बांधून झालं, आणि त्याच आठवड्यात बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घराबाहेर पडायला मनाई. पार्सल पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

"पत्ता ह्या चिठ्ठीवर आहे," त्या म्हणाल्या. "आणि बाहेर लिही, शिवणकामाचे नमुने."

"पण आत पुस्तक आहे."

"मी नेहमी तेच लिहिते."

कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला ती म्हाताऱ्या माणसाची लहर वाटली. पार्सलवर खोटं लिहिणं मला मुळात पटत नाही. हरवलं तर शोधायचं कसं, तक्रार कशाची करायची? मी ऑफिसात सगळ्या पार्सलना लावते तशी यादी केली आणि वर चिकटवली. एक, हाताने बांधलेले पुस्तक. दोन, दोन स्त्रियांची प्रेमकथा, प्रकरणे चौतीस. तीन, लेखिका, आणि पुढे तिचं खरं नाव, त्यापुढे 'ऊर्फ खारफुटी'. चार, मुखपृष्ठाचे कापड लेखिकेच्या कुर्त्याचे. पोस्टाची पावती घेतली, माझ्या वहीत त्या ओळीवर खूण केली. माझ्या लेखी काम झालं.

पाचव्या दिवशी मी बाईंकडे गेले. डोळ्यांत औषध घातलेलं, हिरवी पट्टी बांधलेली. मोबाइल बघायला बंदी होती, म्हणून त्यांनी मलाच मंडळात काय चाललंय ते वाचून दाखवायला सांगितलं. सगळ्यात वर खारफुटीचा निरोप होता. मी वाचायला लागले.

'मी इथून जातेय. माझं सगळं लिखाण काढून टाकलंय. कुणाकडे प्रत असेल तर प्लीज ठेवू नका. घरी पार्सल उघडलं गेलं. आत काय आहे ते सगळं वर लिहिलेलं होतं. मी नाही म्हणू शकले नाही, माझाच कुर्ता होता. कुणावर राग नाही.'

खाली तारीख होती. त्या नावावर बोट ठेवलं तर तिथे आता कुणीच नव्हतं.

"काय लिहिलं होतंस?" बाईंनी विचारलं.

मी चारही ओळी म्हणून दाखवल्या. मला त्या पाठ होत्या.

"घरी तिने सांगितलं होतं, मी शिवणाचा क्लास लावलाय म्हणून," बाई म्हणाल्या. "नमुने येतात, जातात. तपासायची छापील पानं त्याच नावाखाली जायची-यायची. तिनेच ठरवून दिलं होतं." मग म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे गो तुझं. लांबून वाचता येतं."

त्याच वेळी त्यांनी मला मंडळात लिहायला लावलं, 'चूक माझी आहे. पार्सल माझं होतं. पुठ्ठेवाली.' मी म्हटलं, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, "मंडळात तुला कोण ओळखतं? लिही."

मंडळात एक रीत होती. लिहिणाऱ्याने आपलं लिखाण काढून घेतलं आणि प्रती ठेवू नका म्हटलं, तर ठेवायच्या नाहीत. कुणी तपासायला येत नसे, पण सगळे पाळत. आणि त्या मुलीची गोष्ट आता जगात एकाच ठिकाणी उरली होती, बाईंच्या कपाटात. तिला पाठवलेली प्रत वडिलांनी ठेवली असेल असं आम्हा दोघींपैकी कुणालाच वाटलं नाही.

पट्टी निघाल्यावर बाईंनी ते पुस्तक काढलं. मला वाटलं, जाळतील. त्यांनी ते मांडीवर घेतलं, दाभणाच्या टोकाने पहिला टाका उचलला आणि उसवायला सुरुवात केली. कात्री लावली नाही. एक एक टाका काढून दोरा कार्डावर गुंडाळत गेल्या. पुस्तकात सोळा-सोळा पानांच्या घड्या शिवलेल्या असतात, त्यांना जुज म्हणतात. तसे सतरा जुज त्यांनी सुटे केले. निळं कापड पुठ्ठ्यावरून ओलं करून सोडवलं, वाळवलं, इस्त्री केलं. सगळं एका जुन्या फडक्यात बांधलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता प्रत नाही ही. कागद आहेत."

"बाई, ही पळवाट आहे."

"आहेच. माणसाने एखादी ठेवावी गो. तू ठेवली नाहीस."

त्या प्रकाराबद्दल त्यांनी मला बोललेलं हे एवढंच. नंतर कधीही नाही.

पण त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मला बांधायला शिकवलं. दर रविवारी मी मुलुंडहून विक्रोळीला जायची आणि त्यांच्या पाट्यापुढे बसायची. माझा टाका ओढून येई, जुज तिरके होत. त्या सांगत ते मी क्रमाने वहीत उतरवून घेई. "यादीने टाका सुधारत नाही," त्या म्हणत, पण वही बघून एखादी सुटलेली पायरी सांगत. दुसरी म्हणजे त्यानंतरचं प्रत्येक पार्सल त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतलं. त्यांच्यासमोर बसून, माझ्या अक्षरात, शिवणकामाचे नमुने. प्रत्येक वेळी त्या चष्मा लावून ते शब्द वाचत आणि मगच पार्सल माझ्या हातात देत.

गेल्या वर्षी गणपतीनंतर बाई गेल्या. हृदयाचं दुखणं होतं, फार दिवस पडून राहिल्या नाहीत. दवाखान्यात जायच्या आधी ते फडक्याचं बोचकं त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. "ती मागेल तेव्हा बांध. नाही मागितलं तर नको." त्यांचा पुतण्या घर आवरायला आला तेव्हा मी पाटा, वरवंटा, दाभण आणि ती टूथब्रशची दांडी मागून घेतली. त्याला आश्चर्य वाटलं. मंडळातलं पुठ्ठेवालीचं खातंही मीच बघते. पासवर्ड त्यांनी खळीच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवला होता.

यंदा मार्च महिन्यात, शाळेच्या परीक्षांच्या धांदलीत, त्या खात्यावर अनोळखी नावाने निरोप आला. 'पुठ्ठेमावशी, ओळखलंत का माहीत नाही. मीच सांगितलं होतं प्रत ठेवू नका म्हणून. तुम्ही ठेवली नसणार. पण माझ्याकडे त्यातलं एक वाक्यसुद्धा उरलं नाही, म्हणून विचारतेय.'

मी फोन नंबर पाठवला. तिने लगेच फोन केला. बाई गेल्याचं मी आधी सांगितलं. ती रडली, मी थांबले. मग मी तिला सतरा जुजांबद्दल सांगितलं, आणि ते झाल्यावर म्हणाले, "पार्सलवरची ती यादी मी चिकटवली होती. बाईंनी नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मावशींचं अक्षर मला आधीच्या पार्सलांवरून ओळखू येतं. ते त्यांचं नव्हतं."

आता ती नाशिकला असते. नोकरीही तिथेच, एका खोलीत भाड्याने राहते, एकटीच. वडील अजून बोलत नाहीत. आई फोन करते, ते बाहेर गेले की. घर सुटायला कारण झालेली ओळ माझ्या हातची होती, आणि ती हे सगळं माझी विचारपूस करावी अशा सुरात सांगत होती.

मी तीन रविवार घेतले. सतरा जुज, त्यांचाच गुंडाळून ठेवलेला दोरा, पुन्हा मेण लावून. बाईंनी सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या वही पुढ्यात ठेवून केल्या. निळं कापड चढवलं. कण्याकडे थोडं तिरकं झालं आहे. बाईंनी ते उसवायला लावलं असतं. बांधताना मी गोष्ट वाचली, पहिल्यांदाच. शेवटी दोघी एकत्र राहतात.

पार्सल बांधून झाल्यावर मी तिला फोन केला. "वर शिवणकामाचे नमुने लिहिते."

"नको," ती म्हणाली. "त्या वेळी लिहिलं होतं तेच लिहा. चारही ओळी. माझं नाव पण."

"नक्की?"

"इथे पार्सल मीच घेते हो. दुसरं आहे कोण?"

मी लिहिलं. अक्षर लांबून वाचता येत होतं.

मुलुंडच्या पोस्टात माझ्यामागे सात-आठ जण उभे होते. खिडकीवरच्या माणसाने पार्सल वजनाला ठेवलं. "आत काय आहे?"

"वर लिहिलंय."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. "हाताने बांधलेले पुस्तक. दोन स्त्रियांची प्रेमकथा, प्रकरणे चौतीस. लेखिका..." तिचं पूर्ण नाव त्याने वाचलं. कुर्त्याचं कापडही वाचलं. मी काउंटर घट्ट धरून उभी होते.

"म्हणजे पुस्तकच ना?" तो म्हणाला. "मग एवढं कशाला लिहायचं, मॅडम?"

"जिचं आहे तिने सांगितलंय."

त्याने शिक्का मारला, पावती माझ्याकडे सरकवली. "पुढचे या."

पावती मी वहीत ठेवली. त्या ओळीवर खूण मात्र केली नाही. चार दिवसांनी, मधल्या सुट्टीत, तिचा फोन आला.

"मिळालं," ती म्हणाली.

"कुणी उघडलं?"

"मी."

मग मी वही काढली आणि खूण केली.